शिक्क्याचा फरा

नारायण पेठ, पुणे
२ जुलै १९९७

नसीम हिला मुक्ताचा नमस्कार.

मिरजेला पोचलीस का, अम्मी कशा आहेत, एवढं दोन ओळींचं कार्ड टाकायला तुझा हात मोडला होता का? तुझ्या भावाच्या, चांदच्या शेजारी फोन आहे हे मला माहीत आहे. पण मी करणार नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या बूथची काच फुटलीय, बोललेलं सगळी गल्ली ऐकते. म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, डोळे ताणून वाच.

दुकानाला सील लागल्यापासून तुझा नवरा रोज सकाळी येतो, बाहेरच्या बाकड्यावर बसतो, पेपर वाचतो आणि दुपारी घरी जातो. बंद दुकानासमोर बसून अय्युबभाई काय बघतात देव जाणे. तू नाहीस, जेवायचे हाल असतील म्हणून परवा समोरून डबा पाठवला. जसाच्या तसा परत आला. भाकरीचा पापुद्रासुद्धा मोडला नव्हता. राग आहे, कळलं. पण सील मी लावलं का?

नीरजाचं सांगते. बहिणीची पोर, शिकायला म्हणून माझ्याकडे ठेवली. तुझ्या हातचं पण खाऊन मोठी झाली. आता त्या मुक्या जनावरांसाठी काम करणाऱ्या संस्थेत जाते. मटण सोडलं, अंडं सोडलं. परवा दुधाबद्दल काहीतरी बोलायला लागली तेव्हा मी लाटणं दाखवलं. दुकानातला फोटो तिनंच काढला हे खरं आहे. तो पेपरात आला, वर मोठ्या अक्षरात ‘पेठेत बिनशिक्क्याचं मटण’, तेव्हापासून मी तिच्याशी धड बोलले नाही. पण नसीम, मला खोटं बोलता येत नाही. फोटोतलं मटण बिनशिक्क्याचंच होतं. कत्तलखान्यातला महापालिकेचा डॉक्टर जेवढं बघतो तेवढ्यावर जांभळा शिक्का मारतो. मागच्या एका मांडीवर, म्हणजे फऱ्यावर. बाकीच्या बकऱ्यावर तो नसतोच, हे काय मला ठाऊक नाही? म्हणून तर मी इतकी वर्षं खाणावळीसाठी शिक्क्याचाच फरा नेते. बाकीचं ज्याचं त्यानं बघावं. माझ्याकडे एकाही पोराचं पोट बिघडलं नाही ते काय उगाच?

येत्या शनिवारी आखाड लागतोय. श्रावणाच्या आधी सगळी पेठ मटणावर तुटून पडते, आणि नेमकं आत्ताच दुकान बंद. मी मंडईपलीकडून आणते. तो माणूस हाडंच घालतो. रविवारी रस्सा केला. सकाळपासून चुलीपुढं उभं राहून माझी जीभ मरते हे तुला माहीत आहे. तू यायचीस, तळहातावर रस्सा घ्यायचीस आणि मीठ सांगायचीस. या रविवारी कोणी सांगितलं नाही. पोरं मुकाट जेवली, म्हणजे बिघडलंच असणार.

कधी येतेस?

मुक्ता


मिरज
८ जुलै १९९७

मुक्ताबाई यांना नसीमबानूचा सलाम.

आपलं पत्र मिळालं. अम्मींचा दमा आता बरा आहे. चांदच्या घरी सर्व ठीक.

डबा परत आला त्याबद्दल माफ करा. त्यांची तब्येत बरी नव्हती.

मटण बिनशिक्क्याचं होतं असं आपलंही म्हणणं असेल तर मग बोलण्यासारखं काही उरत नाही. कत्तलखान्याची पावती ह्यांनी महापालिकेच्या साहेबांना दाखवली होती. साहेब म्हणाले, पावतीवर बकऱ्याचा चेहरा नसतो, ती कुठल्याही बकऱ्याची असेल.

अम्मींना सोडून येववत नाही. केव्हा येईन ते सांगता येत नाही. नीरजाला दुवा.

नसीमबानू


नारायण पेठ
१३ जुलै १९९७

नसीम,

‘मुक्ताबाई यांना’? ‘आपलं पत्र’? मी वॉर्ड ऑफिसात खुर्चीवर बसते का? लग्न होऊन आपण दोघी एकाच वर्षी या गल्लीत आलो. एका नळावर भांडलो. आणि आज मला आपण म्हणतेस.

तब्येत बरी नव्हती म्हणे. मी समोर राहते. माणूस कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खाताना मला दिसतो.

इकडे नीरजाशी रोज भांडण आहे. काल म्हणते, “मावशी, टेम्पोत बकरी कशी कोंबून आणतात बघितलंस का? खाली पडलेलं उठतच नाही. वरची त्याला तुडवतात. वाटेत पाणी नाही.”

मी म्हटलं, “मग टेम्पोचा फोटो काढायचास. अय्युबमामांचा कशाला?”

“टेम्पो थांबत नाही मावशी. दुकान थांबलेलं असतं.”

बघ ही हुशारी. म्हणजे जो जागचा हलत नाही त्याला धरायचं. मी तसं म्हटलं तर रडायला लागली. खरं सांगू का, टेम्पोचं ती खोटं बोलत नाही. मी एकदा पुलावर बघितलाय. मान वळवली आणि घरी आले. त्या दिवशी पण मटणच रांधलं होतं.

मला सगळ्यांचाच कंटाळा आलाय. ही म्हणते मुका जीव, पेपरवाले म्हणतात आरोग्य, आणि खालच्या गल्लीतले काहीजण तिसरंच काहीतरी म्हणतात, ते मी कागदावर लिहीत नाही. मला बुधवार आणि रविवारची पातेली दिसतात. ती कुणाला दिसत नाहीत.

तीस तारखेला महापालिकेत सुनावणी आहे असं ऐकलं. अय्युबभाईंना म्हणावं, काहीतरी बोला. तिथंही बाकड्यावर बसून पेपर वाचणार आहात का?

आणि तू नीरजावर रागावली असशील तर तसं लिही. तिला तिच्या आईकडे पाठवून देते. पण हे आपणबिपण बंद कर.

मुक्ता


मिरज
१९ जुलै १९९७

मुक्ता,

आता स्पष्ट लिहिते.

राग नीरजाचा नाही. पोरीनं चोरून काही केलं नाही. दुकानात येऊन विचारलं, “मामा, फोटो काढू?” हे म्हणाले, “काढ की.” वर टोपीसुद्धा सरळ केली. फोटोत टोपी आलीच नाही, नुसतं मटण आलं.

राग तुझा आहे. सील लावायला माणसं आली तेव्हा गल्लीत गर्दी होती. मी ह्यांच्या मागं उभी होते. मी दुसरीकडे कुठं बघणार? तुझ्या खिडकीकडे बघितलं. तू खिडकी लावून घेतलीस.

दुसरं. शिक्का असलेला फरा सगळ्यात शेवटी विकायचा असा नियम आहे. गिऱ्हाइकाला दिवसभर तो दिसला पाहिजे म्हणून. दुकानात त्याची पाटी आहे. तू ती कधी वाचली नाहीस, कारण दुकानात आलीस की तुझं एकच. “माझा फरा काढा, मला घाई आहे.” दर बुधवारी, दर रविवारी हे तो सकाळीच तुझ्यासाठी काढत आले. दुसरा देऊ का म्हटलं तर तू नाक मुरडतेस. त्या दिवशी दुपारी नीरजा आली तेव्हा शिक्का तुझ्या पातेल्यात शिजत होता.

साहेबांनी विचारलं, शिक्का कुठे गेला? हे गप्प बसले. तुझं नाव घेतलं असतं तर साहेब तुझ्या दारात आले असते, आणि तुझ्या खाणावळीला लायसन नाही. मी म्हटलं, सांगून टाका. तर मलाच म्हणाले, अम्मींना बघून ये जा.

आणि एवढं झाल्यावर तू मला लिहितेस की ते बिनशिक्क्याचंच होतं, तुला खोटं बोलता येत नाही.

नसीम


नारायण पेठ
२३ जुलै १९९७

नसीम,

खिडकी लावली. हात पिठाचे होते असं लिहिणार होते. लिहिलं, खोडलं. वर खोडलेलं दिसतंय ते तेच. भीती वाटली. महापालिकेची गाडी दारात बघून वाटलं, तिकडचं उरकून इकडं वळतील.

तुझं पत्र वाचून मी नीरजाला हाक मारली. कोथिंबीर निवडत होती.

“नीरजे, तो डॉक्टर शिक्का कशाचा मारतो?”

“बकरं तपासलं त्याचा.”

“सगळं बकरं, का तेवढा फरा?”

“सगळं गं. आधी जिवंत असताना बघायचं, मग कापल्यावर काळीज, फुप्फुसं, गाठी. मग शिक्का. सबंध बकऱ्याला एक.” आणि लगेच, “म्हणजे, तसं करायला पाहिजे. एवढ्या बकऱ्यांना एक डॉक्टर. काय बघत असेल तोच जाणे.” तिचं तिथंसुद्धा चालूच.

मी म्हटलं, “मग बाकीचं बिनशिक्क्याचं नसतं?”

तिच्या हातातली काडी हातातच राहिली. “मावशी, तूच सांगितलंस मला. मी विचारलं होतं, मामांकडे सगळ्या मटणाला शिक्का असतो का? तू म्हणालीस, एका फऱ्याला असतो, तो मी आणते, बाकी सगळं बिनशिक्क्याचं. मला वाटलं, एक बकरं कत्तलखान्यातलं दाखवायला ठेवतात आणि बाकीची कुठंतरी चोरून कापतात. मी तसंच सांगितलं संस्थेत. घरच्या माणसानं सांगितलंय म्हटलं.”

“आणि तुला कळत होतं तर मला टोकलं का नाहीस?”

“तू इतकं ठासून बोलतेस मावशी, की पुढं विचारायचं सुचतच नाही.”

कोथिंबीर तशीच पडून सुकली.

म्हणजे सकाळी मीच घाई करून शिक्का घरी आणायचा आणि दुपारी शिक्का कुठाय म्हणून तुझ्या नवऱ्याला चोर ठरवायचं. आणि मी म्हणे जपून खाऊ घालणारी. सगळं बकरं सारखंच होतं, नसीम. मी उगाच नाक मुरडत होते. तुम्ही दोघांपैकी कोणी एकदा तरी मला झापायला हवं होतं. पण मी कुणाला बोलू देते का, हेही आहेच.

तीस तारखेला मी जाणार आहे. अय्युबभाईंना सांगितलं नाही, सांगितलं तर नको म्हणतील. तू पण सांगू नकोस.

नीरजाला मागच्या बाजूला लिहायचंय. जागा सोडते.

मुक्ता

(मागील बाजूस)

नसीममावशी, मी संस्थेतल्या ताईंना सांगितलं की फोटोचं चुकलं. त्या म्हणाल्या, छापून आलंय, आता माघार घेतली तर टेम्पोबद्दल आपलं कोण ऐकेल? मी त्यांना म्हटलं, आपलंच खोटं निघालं तर मग टेम्पोबद्दल तरी कोण ऐकेल? मी मावशीबरोबर जाणार आहे. मी मटण खाणार नाही, ते माझं वेगळं आहे. पण मामांनी फोटोसाठी टोपी नीट केली होती, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.
तुझी नीरजा


मिरज
२७ जुलै १९९७

मुक्ता,

तू सांगू नकोस म्हटलंस तरी मी फोनवर त्यांना सांगितलं. नवऱ्यापासून लपवायची सवय नाही. ते म्हणाले, तिला म्हणावं जाऊ नको. खाणावळ बंद झाली तर पोरं कुठं जेवतील? आणि शिक्क्याचा फरा आधी विकला, नियम मीही मोडलाच आहे.

हे त्यांचं म्हणणं, ते कळवलं. माझं म्हणशील तर ‘जा’ म्हणायला जीभ रेटत नाही. ‘जाऊ नकोस’ असंही माझ्या हातून लिहवत नाही.

नीरजाला सांग, टोपी ते रोजच सरळ करतात.

नसीम


नारायण पेठ
३१ जुलै १९९७

नसीम,

गेले. सांगते.

सकाळची बोलावलेली माणसं, साहेब दुपारी जेवून आले. अय्युबभाईंनी मला व्हरांड्यात बघितलं आणि तोंड फिरवलं. नीरजा मधे उभी. तिच्या संस्थेच्या ताई पलीकडे फाइल घेऊन. लग्नात दोन्हीकडची वऱ्हाडं मांडव सोडून जावीत आणि करवली एकटीच उभी राहावी, तशी ती उभी होती.

नाव पुकारलं तशी मी पण आत घुसले. साहेब म्हणाले, “बाई, आपण कोण?”

“ह्यांचं गिऱ्हाईक.”

“गिऱ्हाइकांना बोलावलेलं नाही.”

“तेच चुकलं तुमचं. शिक्क्याचा फरा माझ्याकडे होता. सकाळी मी नेला. दर बुधवारी, दर रविवारी नेते. हे देत नव्हते, मी घेत होते.”

साहेबांनी चष्मा वर केला. “शिक्क्याचा भाग शेवटी विकायचा असतो, ठाऊक आहे?”

“आत्ता कळलं. पाटी वाचली नव्हती.”

“दोन्ही दिवशी एवढा मोठा फरा? घरात किती माणसं?”

बघ, तिथंच आला. वाटलं, पाहुणे येतात म्हणावं. पाय दुखत होते. फार वेळ उभी होते, नसीम. विचार करायचाही कंटाळा आला. म्हटलं, “खाणावळ आहे. नारायण पेठेत, ह्यांच्या दुकानासमोर. लिहून घ्या. लायसन नाही. तेही लिहून घ्या, म्हणजे परत यायला नको.”

अय्युबभाई मागून म्हणाले, “वहिनी, कशाला?” गेल्या महिनाभरात माझ्याशी बोललेले तेवढेच दोन शब्द.

मग नीरजा बोलली. फोटो दुपारचा आहे, तोवर फरा विकला गेला होता, मला चुकीचं कळलं होतं, आणि ते चुकीचं कुठून कळलं तर माझ्या मावशीकडून. माझ्याकडे बोट करून म्हणाली. बरं वाटलं नाही, पण खरं होतं. वर साहेबांना म्हणते, “आता आलेच आहे तर टेम्पोचंही विचारते. त्याला नियम आहे का?” साहेब म्हणाले, “तो विभाग वेगळा.” “मग त्या विभागाचा पत्ता द्या.” पत्ता घेतल्याशिवाय ती हलली नाही. तेव्हा मात्र माझ्यावर गेलीय असं वाटलं.

कत्तलखान्यातल्या वहीशी पावती जुळवून बघतो म्हणाले. जुळली तर सील निघेल. नियम मोडल्याचा दंड अय्युबभाईंना होणार. मला नोटीस येणार. मुदतीत लायसन काढा, स्वयंपाकघराला फरशा लावा, नाहीतर बंद. नीरजा म्हणते, लावूया. पुसायला कोण आहे हे ती बघत नाही.

परत येताना आम्ही तिघं एकाच बसला होतो. तिकिटं अय्युबभाईंनी काढली.

मुक्ता


मिरज
६ ऑगस्ट १९९७

मुक्ता,

सील निघाल्याचं ह्यांनी कळवलं. तुझ्या पत्रातली वऱ्हाडं चांदला वाचून दाखवली, तो हसला. मी हसले नाही. व्हरांड्यात तू किती वेळ उभी राहिली असशील ते माझ्या डोळ्यांसमोर आलं.

पण सील निघालं ते श्रावणात. आखाड गेला. आता पेठेत कोण मटण घेणार? हे माशा वारत बसणार. आणि गल्लीतल्या बायका मला बघून, ‘आलीस का गं?’ म्हणणार, त्या दिवशी गर्दीत उभ्या होत्या त्याच. मी येऊन काय करू, हे मला समजत नाही.

नसीम


नारायण पेठ
११ ऑगस्ट १९९७

नसीम,

आज सोमवारचा उपास आहे, डोकं चढलंय, म्हणून थोडक्यात.

काल रविवारी सकाळीच दुकानात गेले. आकड्याला एकच बकरं. अय्युबभाईंनी मला बघितलं, सवयीनं सुरी फऱ्याकडे नेली. शिक्का समोरच होता, जांभळा.

मी म्हटलं, “राहू दे. तो शेवटी.”

“मग काय देऊ? आणि वहिनी, श्रावण आहे.”

“श्रावण माझा आहे, पोरांचा नाही. नांदेडची आहेत, मणिपूरचा एक आहे, ते कुठं पाळतात? दुसरा फरा सरळ नेला असता, आता कळतंय की सारखाच असतो. पण मला तोच पाहिजे. शेवटी द्या.”

“तोवर?”

“बसते. तुम्ही महिनाभर बसलात.”

आणि बाकड्यावर बसले. देवळातून येताना आनंदीबाई थांबल्या. “अगं बाई, मुक्ताबाई, श्रावणात इथं?” मी म्हटलं, “पाय दुखतात. तुमच्या ओट्यावर बसू देता का?” गेल्या. मग आणखी दोघी गेल्या. सगळ्यांनी आधी मला बघितलं, मग आकड्याला बघितलं. बघू देत. त्या दिवशी सील बघायला उभ्या होत्याच.

गिऱ्हाईक तुरळक होतं. तुमच्या मशिदीकडची माणसं आली, दोन हॉटेलवाले आले. नीरजा आली, आत शिरली नाही, दारातूनच म्हणाली, “मामा, आकड्यांना जाळी लावा, माशा बसतात.” अय्युबभाई म्हणाले, “लावतो. आणि फोटो काढणार असशील तर आधी सांग, टोपी नवी आणतो. या वेळेला टोपी आली पाहिजे.” पोरगी हसली, मग डोळे पुसत घरी गेली. टेम्पोसाठी त्या दुसऱ्या विभागाच्या पायऱ्या झिजवतेय. अय्युबभाईंनी तिला टेम्पोवाल्याचं नाव दिलंय. म्हणाले, पोरगी बोलते ते आम्हाला रोज दिसतं, आम्ही बोलत नाही एवढंच.

ऊन उतरल्यावर फरा उतरवला. कागदात बांधून दिला.

श्रावणात माझ्या घरात कधी मटण शिजलं नाही. चूल नासवायची नाही म्हणून मागच्या अंगणात स्टोव्ह मांडला, पातेलं वेगळं काढलं. मसाला भाजला, शिजवलं, सगळं केलं, आणि मग पळी हातात घेऊन उभी राहिले. मीठ कोणी बघायचं? माझा श्रावण. नीरजाचा बाराही महिने श्रावण. पोरं अजून यायची होती. त्या पातेल्यापुढं मी अशी कधी अडले नव्हते.

अंदाजानं घातलं. एक डबा अय्युबभाईंना पाठवला. या वेळी रिकामा आला, घासून. मी खिडकीतून ओरडून विचारलं, “मीठ कसं होतं?” म्हणाले, “ठीक.” नवरे ठीक म्हणतात तेव्हा काय समजायचं ते तुला ठाऊक आहे. मणिपूरच्या पोरानं तीनदा पाणी मागितलं.

गल्लीतल्या बायका काय म्हणतील त्याला माझ्याकडे औषध नाही. म्हणतीलच. खिडकी मी आता लावत नाही, पाऊस आत येतो तरी. तू येऊन काय करू विचारलंस. येत्या रविवारी पुन्हा करायचंय. शनिवारी निघ. आधी मीठ सांग, मग वाटलं तर जा परत मिरजेला.

मुक्ता